बक्षीस भूमिकेला की नटाला?

पोळ्याच्या दिवशी गावातून बैलांची मिरवणूक निघते. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळा. ज्याची झूल भारी त्याला लहान पोरे पहिला नंबर देऊन मोकळी होतात. पण जनावरांच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून आलेला जाणता शेतकरी आधी काय सांगतो? तो सांगतो, "झूल काढा." मग तो दात पाहतो, खांदा पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो. झूल वाईट असते असे नाही. पण ती बैलाची नसते, मालकाची असते.

सिनेमाच्या बक्षिसांविषयी बोलायचे आणि आरंभ बैलापासून करायचा, म्हणून कोणी रागावू नये. नटाच्या आणि लेखकाच्या कामाची पारख करताना आपली सगळी अडचण या झुलीपाशीच होते. पडद्यावर दिसते ते एकजीव होऊन आलेले असते. गोष्ट एकाची, संवाद दुसऱ्याचे, प्रकाश आणि कॅमेरा तिसऱ्याचा, गाणारा गळा चौथ्याचा, आणि समोर दिसतो तो चेहरा मात्र एकाचाच. साहजिकच सगळे श्रेय आपण त्या चेहऱ्याला देऊन टाकतो. दरवर्षी बक्षिसांच्या उमेदवारांची नावे जाहीर झाली म्हणजे पारावर आणि शिक्षकांच्या खोलीत वाद रंगतात. त्यातले निम्मे वाद झुलीचे असतात.

हा विषय मुंबईच्या सिनेमावाल्यांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. शाळेचे स्नेहसंमेलन आले, तालुक्याच्या एकांकिका आल्या, की आपल्यापैकीच कोणाला तरी परीक्षकाच्या खुर्चीवर बसवतात. मलाही बसवले होते. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका एकांकिकेत मरणाच्या दारी टेकलेल्या म्हाताऱ्याचे काम करणारा मुलगा असा काही रडला, की पुढल्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. अभिनयाचे पहिले बक्षीस मी त्याला दिले आणि समाधानाने चहा प्यायलो. तेवढ्यात एक वयस्कर शिक्षक जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सर, त्या गड्याच्या तांब्याकडे पाहिलंत का?"

मी पाहिले नव्हते. त्या नाटकात घरच्या गड्याचे काम करणाऱ्या मुलाला जेमतेम तीन वाक्ये होती. मालक गेल्याचे कळते तेव्हा तो पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभा असतो. शिक्षकांनी सांगितले, की बातमी ऐकताच तो हलला नाही, बोलला नाही. फक्त त्याच्या हातातला तांब्या नकळत कलला आणि पाणी त्याच्याच पायावर सांडत राहिले. लेखकाने असे लिहिले नव्हते. दिग्दर्शकानेही सांगितले नव्हते. ते त्या पोराला सुचले होते. आणि मी त्या वेळी रडणाऱ्याकडे पाहत होतो. पुढल्या वर्षी त्या शाळेच्या नाटकात तो मुलगा दिसला नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की त्याने स्वतःच नको म्हटले होते.

माझी चूक कोणती झाली, याचा मी पुष्कळ विचार केला. म्हाताऱ्याचे दुःख मोठे होते, म्हणून मी त्याचा अभिनय मोठा धरला. दुःख हे भूमिकेचे असते. ते लेखक देतो. त्या दुःखाचे नटाने काय केले, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मी विचारलाच नाही.

हा फरक ध्यानात येण्यासाठी हिंदी चित्रपटांच्या इतिहासात एक फार सोयीचे उदाहरण आहे. ते १९६३ सालचे.

फिल्मफेअर नियतकालिकाची बक्षिसे १९५४ साली सुरू झाली. पहिला समारंभ २१ मार्चला मुंबईच्या मेट्रो थिएटरात झाला. बक्षिसे पाचच होती: चित्रपट, दिग्दर्शन, नट, नटी आणि संगीत. लेखकाला त्या वर्षी काहीच नव्हते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे बक्षिसे वाढली, आणि अखेरच्या निवडीसाठी प्रत्येक विभागात तीन नावे जाहीर होऊ लागली. १९६३ साली उत्कृष्ट अभिनेत्रीच्या विभागात तीन नावे आली ती अशी: 'आरती'साठी मीनाकुमारी, 'मैं चुप रहूंगी'साठी मीनाकुमारी आणि 'साहिब बीबी और गुलाम'साठी मीनाकुमारी. म्हणजे हरायला दुसरे कोणी नव्हतेच! बाकीच्या नट्यांवर हा अन्याय झाला असे कोणी म्हटले, तर मी फार वाद घालणार नाही. पण आपल्यासारख्या शिकाऊ परीक्षकाला यापरते चांगले उदाहरण मिळणार नाही. 'मला अमकी आवडते, तुला तमकी आवडते' हा प्रश्नच उरत नाही. चेहरा तोच, आवाज तोच. पाहायचे ते फक्त काम.

तिन्ही भूमिका सोसणाऱ्या बाईच्या आहेत. 'आरती'मध्ये ती शिकलेली, डॉक्टर झालेली. गरीब घरात सून म्हणून येते आणि घरातला जाच सोसते. 'मैं चुप रहूंगी' हा तमिळमधल्या 'कलत्तूर कण्णम्मा' या १९६० सालच्या चित्रपटावरून बेतलेला. त्यातली नायिका आपल्या लग्नाचे गुपित ओठांआड ठेवते, आणि आपल्याच पोराला आई म्हणून जवळ घेण्याची तिला चोरी होते. अश्रूंच्या मापाने मोजायचे ठरवले, तर हा चित्रपट कोणालाही मागे टाकील. कथाच अशी आहे, की कोणतीही बरी नटी त्या जागी उभी केली तरी थिएटरात हुंदके ऐकू येतील. हेच ध्यानात घ्यायचे. जिथे कोणीही रडवू शकेल, तिथे रडवण्याचे श्रेय बव्हंशी गोष्ट रचणाऱ्याचे.

आता तिसरी भूमिका पाहा. 'साहिब बीबी और गुलाम' ही बिमल मित्र यांची बंगाली कादंबरी. गुरुदत्तच्या संस्थेने तिच्यावरून हिंदी चित्रपट काढला. दिग्दर्शक म्हणून नाव अबरार अल्वी यांचे आहे, पटकथा-संवादही त्यांचेच. (दिग्दर्शनात गुरुदत्तचा हात किती होता, हा वाद अजून मिटलेला नाही, आपण त्यात पडायला नको.) कलकत्त्याच्या एका जमीनदार घराण्याची धाकटी सून, छोटी बहू. नवरा रात्र रात्र कोठीवर असतो. त्याला घरी थोपवून धरावे म्हणून ती आधी 'मोहिनी सिंदूर' लावून पाहते आणि शेवटी त्याच्या अटीवर दारू प्यायला लागते. नवरा काही दिवस घरी राहतो आणि पुन्हा बाहेर जाऊ लागतो. दारू मात्र तिला सोडत नाही.

ही भूमिका कागदावर धोक्याची आहे. पतिव्रता म्हणावी तर हातात पेला, आणि दारूबाज म्हणावी तर कपाळावर कुंकू. नटीने एका बाजूला जरा जास्त भार दिला की दुसरी बाजू कोसळते. लेखकाने इथे नटीला आयते अश्रू दिलेले नाहीत, कोडे दिले आहे.

ते कोडे तिने कसे सोडवले, हे पाहण्यासाठी दारूच्या प्रसंगांकडे नीट लक्ष द्यावे. हलका नट दारुड्याचे सोंग करतो तेव्हा तो झोकांड्या खातो, शब्द लांबवतो, डोळे फिरवतो. आपण गावात खरे प्यालेले लोक पाहिलेले आहेत. प्यालेला माणूस तोल घालवायला पाहत नसतो, तोल सांभाळायला पाहत असतो, आणि त्या सांभाळण्यातूनच त्याची अवस्था उघडी पडते. मीनाकुमारीने नेमके हे धरले आहे. पापण्या जड झालेल्या, वाक्य शेवटाकडे घसरणारे, पण बसण्यात-वागण्यात थोरल्या वाड्याच्या सुनेची आब राखण्याची धडपड चालूच. एका प्रसंगात नवरा बाहेर निघालेला असतो. ती आधी लाडीगोडी लावते, मग आर्जव करते. तो ऐकत नाही, तेव्हा एकाएकी तिच्यातली मानी बाई उसळते, आणि कुठल्या खानदानी सुनेने केले नसेल ते मी तुमच्यासाठी केले, असे ती त्याला सुनावते. एकाच प्रसंगात लाड, याचना, संताप आणि मोडून पडणे, आणि एकातून दुसऱ्यात जाताना सांधा कुठे दिसत नाही. असा सांधा न दिसणे ही नटाची स्वतःची कमाई असते. ती कोणी लिहून देऊ शकत नाही.

पण इथेही झूल काढून पाहायला हवी. छोटी बहू आपल्याला पहिल्यांदा दिसते तो प्रसंग आठवा. भूतनाथ खाली मान घालून तिच्या दालनात येतो. त्याच्या नजरेने आपण आधी गालिचा पाहतो, मग तिची पावले पाहतो, तिचा आवाज ऐकतो, आणि मग कुठे तो चेहरा समोर येतो. आपला श्वास क्षणभर थांबतो. यातले मीनाकुमारीचे किती? चेहरा आणि आवाज तिचा. पण आपल्याला वाट पाहायला लावली ती प्रसंग रचणाऱ्याने आणि छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांच्या कॅमेऱ्याने. तिच्या तोंडी जे गाणे इतके गाजले त्याचा गळा गीता दत्तचा, चाल हेमंतकुमारची. आपल्या चित्रपटांत ही मोठीच मेख आहे. गाण्याच्या वेळी आपण भारावतो तो अर्ध्याहून अधिक दुसऱ्याच्या गळ्याने, आणि गुण मात्र नटीच्या खात्यात मांडतो. असे सगळे वजा केल्यावरही त्या भूमिकेत मीनाकुमारीचे म्हणून जे उरते, ते मला बाकीच्या दोन्ही चित्रपटांतल्यापेक्षा अधिक वाटते. बक्षीसही त्याच भूमिकेला मिळाले.

एक गोष्ट मात्र हिशेबात घेऊ नये. मीनाकुमारी १९७२ साली वारली. तिच्या खाजगी आयुष्यातली दुःखे आणि तिची दारू यांच्या कहाण्या पुढे फार पसरल्या, आणि छोटी बहू म्हणजे तीच, असे लोक बोलू लागले. मला हे तिच्या कलेवर अन्याय करणारे वाटते. ती स्वतःच तशी होती म्हटले, की मग तिने केले काय? दुःख पुष्कळांच्या वाट्याला येते. ते दाखवता येणारे थोडे.

असाच दुसरा भ्रम कष्टांचा. 'मुगल-ए-आझम'मध्ये मधुबालाने अंगावर खऱ्या जड साखळ्या घालून काम केले, आणि तेही प्रकृती बरी नसताना, असे सांगतात. त्याविषयी आदर वाटावाच. पण परीक्षकाने विचारायचे ते एवढेच, की पडद्यावरच्या अनारकलीच्या चालण्यात, मान वळवण्यात तो भार दिसतो का? माझ्या मते दिसतो, आणि म्हणून १९६१ साली अभिनयाचे बक्षीस 'घूंघट'मधल्या बीना रायला गेले याची चुटपुट अनेकांना लागते, तशी मलाही लागते. मात्र चुटपुट लागावी ती तिच्या चालण्याकडे पाहून, साखळ्यांच्या वजनाकडे पाहून नव्हे. त्याच वर्षी नटाचे बक्षीस दिलीपकुमारला मिळाले, आणि मौज अशी की ते सलीमच्या भूमिकेला नव्हे, 'कोहिनूर'मधल्या हसऱ्या-खेळकर भूमिकेला. त्यासाठी सतारीवर बोटे कशी फिरवायची हे तो मुद्दाम शिकला होता. हा कष्ट पडद्यावर दिसतो, म्हणून धरायचा. हसवणारे काम हलके, असे मानण्याची आपल्याकडे खोड आहे. ज्याने वर्गात चाळीस पोरांना एकदम हसवण्याचा यत्न केला आहे, त्या शिक्षकाला ते किती अवघड हे सांगायला नको.

मुख्य आणि दुय्यम भूमिका हा आणखी एक तंटा. 'देवदास'साठी वैजयंतीमालाला १९५७ साली सहायक अभिनेत्रीचे बक्षीस जाहीर झाले. चंद्रमुखी ही पारोच्या बरोबरीची भूमिका आहे, दुय्यम नव्हे, असे म्हणून तिने ते घेतले नाही. मला तिचे म्हणणे पटते. पण दुय्यम म्हणजे कमी प्रतीचे, हा जो समज त्यामागे लोकांत आहे तो पटत नाही. वर ज्या 'आरती'चा उल्लेख केला, त्यात खाष्ट जावेचे काम आपल्या सोलापूरच्या शशिकलाने केले आहे, आणि १९६३ चे सहायक अभिनेत्रीचे बक्षीस तिने मिळवले. सोशिक सुनेला सहानुभूती आपोआप मिळते. जावेला मिळतात त्या शिव्या, आणि त्या तिला स्वतः कमवाव्या लागतात.

आता लेखनाकडे वळू. इथे परीक्षकांचा गोंधळ अधिक होतो, कारण लेखन दिसत नाही. संवाद तेवढे ऐकू येतात, म्हणून लेखन म्हणजे संवाद, असे आपण धरून चालतो. कथा म्हणजे काय घडले. पटकथा म्हणजे ते कोणत्या क्रमाने, कोणाच्या डोळ्यांनी, किती दाखवायचे आणि किती झाकायचे. संवाद म्हणजे पात्रे काय बोलतात. ही तीन कामे निराळी आहेत. १९६३ साली फिल्मफेअरमध्ये कथेला आणि संवादाला वेगवेगळी बक्षिसे होती, पटकथेला मात्र नव्हते.

रेडिओ ऐकणाऱ्यांना संवादाची परीक्षा करणे सोपे आहे. डोळे मिटून ऐका. 'मुगल-ए-आझम' डोळे मिटून ऐकला तरी दरबार उभा राहतो. अमान, कमाल अमरोही, एहसान रिझवी आणि वजाहत मिर्झा या चौघांनी ते संवाद लिहिले, आणि १९६१ चे बक्षीस चौघांना मिळून मिळाले. आता त्यातलाच एखादा संवाद कागदावर उतरवून घ्या आणि आपल्या साध्या आवाजात, बाजाराचा हिशेब वाचावा तसा वाचा. तरीही त्यात दम राहिला तर श्रेय लेखकाचे. पार निघून गेला, तर तो दम पृथ्वीराज कपूरच्या छातीतला होता असे समजावे.

पटकथेला ही युक्ती चालत नाही. तिथे आवाज बंद करून बघावे लागते, किंवा चित्रपट संपल्यावर मनाशी उलटा चालवून बघावा लागतो. 'साहिब बीबी और गुलाम' सुरू होतो तो पडक्या हवेलीपासून. मजूर भिंती पाडत आहेत आणि भूतनाथ, आता वय झालेला, तिथे देखरेख करतो आहे. तिथून गोष्ट मागे जाते. शेवटी पुन्हा त्याच ढिगाऱ्यात मजुरांना हाडांचा सापळा सापडतो, आणि मनगटातल्या कांकणावरून भूतनाथ ओळखतो, की ही छोटी बहू. तिचे काय झाले हे कोणी बोलून दाखवत नाही. ते कांकण सांगते. आरंभी पडकी हवेली दाखवली नसती तर हा शेवट नुसता धक्का ठरला असता. दाखवल्यामुळे घराण्याचा नाश आणि बाईचा नाश एकाच मातीत सापडतो. याला लिहिणे म्हणतात, आणि यात शब्द जवळजवळ नाहीत.

पुस्तकावरून चित्रपट निघाला म्हणजे लेखकाचे काय उरले, असेही पुष्कळदा विचारतात. याला उत्तर द्यायला आपल्या घरचेच उदाहरण आहे. साने गुरुजींचे 'श्यामची आई' मराठी शाळेत कोणाला ठाऊक नाही? त्या पुस्तकात श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो. आई आहे ती श्यामच्या शब्दांत. प्रत्येक रात्रीला निराळा प्रसंग, आणि मधूनमधून सांगणाऱ्याचे अश्रू. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढला तेव्हा हे सांगणे त्यांना करण्यात उतरवावे लागले. श्यामला आई कशी वाटली, एवढ्याने पडद्यावर भागत नाही. ती चुलीपाशी काय करते, कर्ज मागायला आलेल्यापुढे कशी उभी राहते, पोराला शिक्षा केल्यावर तिचे हात काय करतात, हे ठरवावे लागते. कोणत्या रात्री घ्यायच्या आणि कोणत्या सोडायच्या हेही ठरवावे लागते. हे सारे पुस्तकाबाहेरचे काम आहे. पुस्तक मोठे म्हणून पटकथेला गुण देऊ नयेत, आणि पुस्तक आयते होते म्हणून कापूही नयेत.

शिक्षकांना एक सुचवतो. 'श्यामची आई' मुलांना दाखवा. आधी पुस्तकातली एखादी रात्र वाचून घ्या, मग चित्रपटातला तोच प्रसंग लावा, आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून लावा. नंतर मुलांना विचारा, की गुरुजींचे काय, अत्र्यांचे काय आणि आईचे काम करणाऱ्या वनमालाबाईंचे काय? भांडू द्या त्यांना. माझ्या वर्गात एका मुलीने लिहिले होते, की आई बोलते तेव्हा ती पुस्तकातली वाटते आणि गप्प असते तेव्हा खरी वाटते. मी त्या उत्तराला पैकीच्या पैकी गुण दिले.

सरकारी चित्रपट-पारितोषिके १९५४ साली सुरू झाली आणि पहिलेच राष्ट्रपती सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळाले, हे आपण अभिमानाने सांगतो. ते पदक चित्रपटाला होते. नटाला किंवा नटीला द्यायचे पारितोषिक तेव्हा त्या यादीत नव्हतेच. ते सुरू झाले १९६७ सालच्या चित्रपटांपासून. नट म्हणून 'अँथनी फिरिंगी' आणि 'चिडियाखाना' या दोन चित्रपटांसाठी उत्तमकुमारला, आणि नटी म्हणून 'रात और दिन'साठी नर्गिसला ते मिळाले. वनमालाबाईंची आई पडद्यावर येऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती.